हत्तीकडे एक ब्रॅकेट जास्त

चाकणच्या एमआयडीसीत ज्या गुरुवारी लाईट जात नाही, तो गुरुवार मी गुरुवार धरत नाही. बाहेरगावच्यांना सांगून ठेवतो: आमच्याकडे पिंपरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी जग लोळत असतं तेव्हा आमच्या प्रेस धाडधाड चालू असतात. गुरुवारी कारखाने बंद, म्हणून तारा-खांबांची दुरुस्तीही वीज बोर्ड गुरुवारीच काढतं. एका गुरुवारी दुपार टळली तरी लाईट गेली नाही, तर आमच्या वॉचमनने काळजीने बोर्डात फोन केला होता, "सायेब, तुमच्याकडं समदं ठीक हाय ना?" हे मी या कानांनी ऐकलंय. वॉचमन नाही म्हणतो, पण तो लाजतो.

हा गुरुवार नसता तर आमच्या पूनमचं काय झालं असतं, ते मला सांगवत नाही. म्हणून काय झालं तेच सांगतो.

महाळुंग्याच्या अलीकडे मांडेकरांचा प्रेस-शॉप आहे. पोलादाच्या पत्र्याची गुंडाळी येते, तिला कॉईल म्हणतात. प्रेस ती कापते, वाकवते आणि पलीकडून ब्रॅकेट पडतात, म्हणजे गाडीचे भाग धरून ठेवणारे वाकवलेले पत्रे. मालक उद्धवराव मांडेकर, गावचेच. त्यांच्या वडिलांच्या बटाट्याच्या वावरात आज आमची चार नंबरची प्रेस उभी आहे. मी सोपानराव, तिथला स्टोअरकीपर. एकतीस वर्षं. रिटायर मी तीनदा झालो. दर वेळी हार घातला, नारळ दिला आणि पुढच्या सोमवारी बोलावून घेतलं, कारण कोणता माल कुठे आहे ते फक्त मला आणि माझ्या रजिस्टरला माहीत.

त्या रजिस्टरबद्दल बोलायला बसलो तर दिवाळी येईल. एकोणीस नंबरचं रजिस्टर इतकं जाड झालं होतं की ते टेबलावर ठेवायला फोर्कलिफ्ट लागायचा. एकतीस वर्षांत त्यात एका नटचीही चूक नाही, एक खाडाखोड नाही. चूक दुरुस्त करायची लाल शाईची बाटली मी नोकरीला लागलो तेव्हा आणली होती, ती अजून सीलबंद आहे. माझ्या इतर गोष्टींवर लोक हसतात. दहा नंबरचा नट आणि बारा नंबरचा नट जमिनीवर पडल्याच्या आवाजावरून मी ओळखतो म्हटलं की डोळे मिचकावतात. पण रजिस्टरवर कोणी हसत नाही. उद्धवराव परक्यांना सांगायचे, "सोपानराव बोलत्यात त्यातलं बारा आणे सोडून द्या. पण लिवत्यात ते सोळा आणे."

आता पूनम. पूनम ओव्हाळ, संत तुकाराम नगरची. तिचे वडील रोहिदास आमच्याच चार नंबरच्या प्रेसवर बावीस वर्षं होते. पोरगी कंप्युटर शिकली, पण आमच्याकडे लागली ती गेटवर, हजेरीच्या टेबलापाशी. तिथे बसून कंटाळली, म्हणून भंगारात काढलेला एक कंप्युटर तिने माझ्याकडून मागून नेला आणि दोन वर्षांत त्यात आख्खं स्टोअर उतरवलं. मला आधी राग आला. मग तिने मला समजावलं.

"काका, गावात कोण कोणाचा जावई, कोण कोणाचा मेव्हणा, हे तुम्हाला कसं माहीत असतं?"

"अगं, नाती आहेत ती."

"हेही तसंच. कॉईलचा एक तक्ता, प्रेसचा एक, कामगारांचा एक, ब्रॅकेटचा एक. प्रत्येक ब्रॅकेट सांगतो, मी अमुक कॉईलचा, तमुक प्रेसवर जन्मलो. एकाला धरलं की सगळी सोयरीक बाहेर येते."

त्या दिवसापासून मला कंप्युटर कळला. ज्या व्यवस्थेत तिने हे सगळं बसवलं होतं तिचं नाव पोस्टग्रेस. तिच्या चिन्हात हत्ती असतो, म्हणून आम्ही तिला हत्ती म्हणायचो. हा हत्ती फुकट मिळतो, त्याला लायसन लागत नाही आणि चाराही नाही. मी म्हटलं, असा एक आमच्या आजोबांकडे पण होता. पूनम हसली. हजेरीच्या टेबलावरून उठून तिला स्टोअरच्या केबिनमध्ये खुर्ची मिळाली ती या हत्तीच्या पाठीवर बसून.

आणि मग गिऱ्हाईकाचं पत्र आलं. आमचे ब्रॅकेट ज्या मोठ्या कंपनीला जातात, तिने कळवलं: दिवाळीनंतर आमचे तपासनीस येतील, कोणताही एक ब्रॅकेट उचलतील, आणि तो कुठल्या कॉईलचा, कुठल्या प्रेसवर, कुठल्या शिफ्टला, कोणाच्या हातून निघाला ते दहा मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

पत्र वाचून उद्धवरावांना घाम फुटला. भंगारातल्या कंप्युटरवरचा फुकटचा हत्ती तपासनिसांना कसा दाखवायचा? त्यांनी थेरगावच्या भाच्याकडून शेखर नावाच्या एका माणसाला बोलावलं. हा शेखर मोठमोठ्या कंपन्यांना डेटाबेस विकणारा. बूट असे चकचकीत की त्यात मला माझी टोपी दिसली. त्याच्याकडच्या डेटाबेसचं नाव फार मोठं आहे, मी घेत नाही. आम्ही त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचो.

केबिनमध्ये बैठक बसली. मी चहा घेऊन कोपऱ्यात.

शेखर म्हणाला, "उद्धवराव सर, फुकटच्या गोष्टीला मालक नसतो. उद्या बिघडलं तर कॉलर कोणाची धरणार?"

"माझी धरा," पूनम म्हणाली.

"आणि मॅडम, तुम्ही उद्या हिंजवडीला आयटीत गेलात तर?"

"तर पोस्टग्रेस येणारा दुसरा माणूस हिंजवडीहून येईल. ते हजारो लोकांना येतं. ते फुकट आहे, बेवारस नाही. तुमच्याकडे कंप्युटरच्या मेंदूतल्या प्रत्येक कोअरमागे लायसन, आणि कंप्युटर मोठा केला की लायसन मोठं."

"त्या बदल्यात चोवीस तास फोनवर माणूस मिळतो."

"ते खरंय," पूनम म्हणाली. तिच्यात हे एक आहे, समोरच्याचं खरं असेल तर ती पटकन खरं म्हणते. धंद्यात असं करू नये, मी तिला सांगितलं होतं.

उद्धवराव दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी म्हणाले, "हे बगा, मला यातलं काय बी कळत न्हाई. पर बैल कळतो. आमी बैल घेताना दलालाचं ऐकत न्हाई, जुपून बगतो. दोन्ही जुपा. आधी पळवून बगू, मग कामाला लावून बगू. जो टिकंल तो ठेवायचा. शेखरराव, तुमचा टिकला तर देखभाल बी तुमच्याच माणसांनी करायची." मग जरा घुटमळून, "आणि पूनम, मग तू बाई हजेरीच्या टेबलावर. दोन माणसं एका कामाला मला परवडत न्हाईत."

पूनमने मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाबांना सांगू नका काका. त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगितलंय, माझी मुलगी कंपनीचा डेटाबेस बघते."

मंगळवारी पळवणं झालं. दोन सारखे कंप्युटर शेजारी ठेवले, एकात हत्ती, एकात साहेब. तीन वर्षांच्या जुन्या नोंदी, दहा लाखांच्या वर, दोघांत एक-एक करून भरायच्या. उद्धवरावांनी शर्यतीतला झेंडा पाडावा तसा रुमाल पाडला.

साहेब चार मिनिटांत पार. हत्ती डुलत डुलत अकरा मिनिटांनी आला.

शेखरने नुसतं स्मित केलं. उद्धवराव म्हणाले, "आयला!" पूनमचे कान लाल झाले.

मला मात्र वास आला. आमच्या चुलत्याकडे शर्यतीचा एक बैल होता. तो इतका पळायचा की त्याची धूळ बक्षीससमारंभानंतर यायची. पण त्या बैलाने एवढं वाहिलं नसतं. दहा लाख ओझी चार मिनिटांत! मी पूनमला विचारलं, "पोरी, ही चाल खरी आहे का?"

ती म्हणाली, "काका, नोंद आली की डेटाबेसने ती डिस्कवर उतरवायची आणि मगच 'झाली' म्हणायचं. त्याला वेळ लागतो. पण एक सेटिंग असतं. ते बदललं की नोंद नुसती डोक्यात धरून 'झाली, झाली' म्हणत सुटायचं, आणि ढीग साठला की मग एकदम डिस्कवर उतरवायचं. पळायला फार जोर येतो."

"म्हणजे न लिहिताच 'लिहिलं' म्हणणारा कारकून!"

"तसंच. हत्तीलाही तसं करता येतं. मी केलं नाही."

"मग सांग की उद्धवला!"

"पुरावा काय? त्यांच्या कंप्युटरला त्यांचा पासवर्ड आहे. आणि त्यांचा डेटाबेस वाईट नाही काका, चांगला आहे. मी उगाच बदनाम केलं असं होईल."

"हे उघडकीला कधी येतं?"

"मध्येच वीज गेली तर. डोक्यातलं सगळं जातं."

"मग सोपं आहे. सॉकेटातली पिन ओढू."

ती माझ्यावर डाफरलीच. "अजिबात नाही! दुसऱ्याच्या मशीनची पिन ओढायची? मी हरले तरी चालेल."

मी म्हटलं, "बरं." पिन ओढणार नाही, असं मी तिला वचन दिलं. आणि ते मी पाळलं, हे पुढे लक्षात ठेवा.

कामाला लावायचा दिवस शेखरनेच ठरवला. "गुरुवार घेऊ या सर. सुट्टी असते, गडबड कमी."

मी चहाचा कप खाली ठेवला. उद्धवराव म्हणाले, "गुरवारी लाईट जाती हो. पर ह्या गुरवारी न्हाई. बोर्डाचा मेसेज आलाय, दुरुस्ती रद्द. ऑर्डर बी तुंबलीया, चार नंबरची प्रेस ओव्हरटाइमला चालूच ठेवायची हाय. होऊन जाऊ द्या."

पूनम म्हणाली, "निदान यूपीएस तरी—"

यूपीएसचं नाव निघताच उद्धवराव खोकले. कारण आमच्या यूपीएसच्या बॅटऱ्या गणपतीत बाप्पापुढचं कारंजं दहा दिवस अखंड चालवून कामी आल्या होत्या. शेखर म्हणाला, "राहू द्या मॅडम. मेसेज आलाय ना? वीज जाणार नाही."

ज्या गुरुवारी वीज जाणार नाही, असा गुरुवार! मला रात्रभर कसंतरी होत राहिलं.

गुरुवारी सकाळी सातला सुरुवात. मांडणी अशी: प्रेसमधून ब्रॅकेट पडला की त्यावर आदल्या दिवशीच्या पुढचा नंबर ठोकला जायचा. तो जायचा मंजुळाबाईंकडे. मंजुळाबाई तपासणीच्या टेबलावरच्या; गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, ब्रॅकेट घालायच्या, बसला तर स्कॅनर टेकवायच्या, नंबर मोठ्याने म्हणायच्या आणि निळ्या पेटीत टाकायच्या. मिनिटाला एक. स्कॅनर टेकला की नोंद हत्तीकडे आणि साहेबाकडे एकदमच जायची. ती जोडणी पूनमने आणि शेखरने दोघांनी मिळून तपासली होती. आणि तिसरा मी, मंजुळाबाईंच्या समोर खुर्चीत, रजिस्टर घेऊन. पंच म्हणून. उद्धवरावांनी जाहीर केलं होतं, "संध्याकाळी दोघांचा आकडा सोपानरावांच्या रजिस्टराशी ताडायचा. रजिस्टर म्हणंल ते खरं."

मी लिहीत गेलो. मध्ये दहा मिनिटं चहा झाला. दिवे चालू. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, पंखा गरागरा फिरतोय, वीज जायचं नाव नाही. केबिनच्या काचेतून शेखर फोनवर कोणाशी तरी हसत बोलताना दिसत होता. पूनम हात मांडीवर ठेवून बसली होती. गेटवर, हजेरीच्या टेबलापाशी, तिची जुनी खुर्ची वॉचमनने पुसून ठेवली होती. त्याचा हेतू चांगला असेल. मला ती खुर्ची बघवेना.

दोनशे एकाहत्तरावा ब्रॅकेट लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "मंजुळाबाई, पाय मोकळे करून येतो."

"या," त्या गेजमधून डोकं वर न काढता म्हणाल्या.

मेन स्विचचं पॅनेल शेडच्या मागच्या भिंतीला आहे. चाळीस पावलं. माझ्या गुडघ्यांना पन्नास. तिथे उभा राहिलो, कान लावला. प्रेसचा दट्ट्या वर जातानाचा आवाज वेगळा, खाली येतानाचा वेगळा. मला तो कळतो म्हणून सांगतो. दट्ट्या पुरता वर गेला, आणि मी दांडा खाली ओढला.

काय शांतता झाली म्हणून सांगू! मी आल्या पावली, म्हणजे पन्नास पावली, परत आलो. शेडमध्ये कोणी दचकलं नव्हतं. लोकांनी हात पुसले, डबे सोडले.

"गेली वाटतं."

"गुरवार हाय ना भावा."

"मेसेज तर रद्दचा होता राव."

"बोर्डाचं काय, आठवण झाली असंल."

शेजारच्या कंपनीलाही ओव्हरटाइम होता, त्यांची प्रेस धाडधाड चालू होती. समोरच्या रस्त्यावरच्या टपरीत रेडिओ वाजत होता. पण आमच्या शेडमधला एक माणूस उठून मेन स्विच बघायला गेला असेल तर शपथ. गुरुवारी वीज गेली की ती बोर्डाने नेली. तिथे बघायचं काय? चाळीस मिनिटं आम्ही सगळे शेजारच्या प्रेसचा आवाज ऐकत अंधारात बसलो होतो. शेवटी मला त्यांची दया आली. "जरा बघून येतो" म्हणून मी उठलो, आणि मी परत यायच्या आत लाईट आली. सगळे म्हणाले, सोपानरावांचा पाय गुणाचा आहे.

दोन्ही कंप्युटर परत चालू झाले. केबिनमध्ये उद्धवराव, शेखर, पूनम, मी. शेखर आता हसत नव्हता. त्याने पासवर्ड टाकला, आकडा विचारला. पडद्यावर आलं: दोनशे छत्तीस.

"पस्तीस ब्रॅकेट कुटं गेलं?" उद्धवराव माझं रजिस्टर उघडून म्हणाले. "हितं दोनशे एकाहत्तर हायत."

शेखरने कपाळ पुसलं. "सर, ते... मेमरीत होते. पळताना जोर यावा म्हणून एक सेटिंग ठेवलं होतं."

पूनमने तिच्या कंप्युटरला विचारलं. हत्तीने उत्तर दिलं: दोनशे बहात्तर.

रजिस्टर दोनशे एकाहत्तर, हत्ती दोनशे बहात्तर.

शेखर हुशार माणूस. खुर्चीत ताठ झाला. "सर, एक मिनिट. माझ्याकडे नोंदी कमी आहेत, मान्य. पेटीतले पस्तीस ब्रॅकेट परत स्कॅन केले की भरून निघेल. पण यांच्याकडे एक जास्त आहे. नसलेला ब्रॅकेट! वीज जाताना यांच्या सिस्टिमने भूत तयार केलं. तपासनिसांपुढे कमी नोंद एक वेळ समजावता येते. नसलेल्या मालाची नोंद कशी समजावणार?"

उद्धवरावांनी रजिस्टरावर हात ठेवला. "सोपानरावांचं रजिस्टर एकतीस वर्षांत चुकलेलं न्हाई." मग पूनमकडे बघितलं, आणि त्या बघण्यात हजेरीचं टेबल मला स्वच्छ दिसलं.

पूनमने आपला पडदा पुन्हा वाचला. "नोंद आहे सर. अकरा बेचाळीसला. नंबरसकट. हत्ती नसलेलं लिहीत नाही."

"मग काय सोपानराव चुकलं?"

पूनमने माझ्याकडे बघितलं. माझ्या रजिस्टरला चूक म्हणायला तिची जीभ उचलेना. मला कळलं की हे आता माझ्यावर आलं आहे. एकतीस वर्षांची सीलबंद बाटली एका बाजूला, आणि ही पोरगी एका बाजूला. निवडायला मला वाटलं तेवढा वेळ लागला नाही.

"रजिस्टर चुकलंय," मी म्हटलं. "एक ब्रॅकेट राहिला. मी तेव्हा खुर्चीत नव्हतो. मेन स्विचपाशी होतो. वीज बोर्डाने नेली नाही, मी नेली."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मग उद्धवराव हसायला लागले. इतके की डोळ्यांत पाणी आलं. "ही बी तुमीच का? शेखरराव, ह्यांचं मनावर घेऊ नका. चाकणात विमानतळ व्हायचा होता, तो बी ह्यांनीच नको म्हणून सांगितला होता म्हनं."

ते मी सांगितलं होतं, पण तो विषय वेगळा.

"उद्धव, खरं सांगतोय!"

"व्हय व्हय. पोरीसाठी जीव तुटतोय तुमचा, कळतंय मला. पर म्हातारपणी रजिस्टराची अब्रू घालवू नका."

आयुष्यभर थापा मारल्याचा मला पश्चात्ताप झाला असेल तर तो त्या दीड मिनिटात. शेखर लॅपटॉप आवरायला लागला. उद्धवरावांनी रजिस्टर मिटलं. आणि पूनम उठली.

"सर, काकांचं खरं की खोटं ते राहू द्या. माझं खरं की खोटं तेही राहू द्या. वीज गेल्यापासून प्रेस चालू केलेली नाही, निळी पेटी तशीच आहे. मोजा."

इतकं सोपं, आणि आम्हा चौघांपैकी तिघांना सुचलं नव्हतं. सगळे कागदात आणि पडद्यात बघत बसलो होतो आणि ब्रॅकेट वीस पावलांवर पेटीत पडले होते.

आम्ही पेटीभोवती जमलो. मंजुळाबाईंनी पदर खोचला आणि एकेक ब्रॅकेट दुसऱ्या पेटीत टाकत मोजायला लागल्या. लोक डबे हातात घेऊन बघायला आले. दोनशे साठ. दोनशे सत्तर. दोनशे एकाहत्तर. मंजुळाबाईंनी हात पेटीत घातला, तळाशी खडखड झाली, आणि वर आला आणखी एक.

"दोनशे बहात्तर," त्या म्हणाल्या. पेटी उलटी केली. रिकामी.

कोणता राहिला ते पूनमने विचारलंच नाही. ती नुसतं म्हणाली, "ज्याचा नंबर शून्य सातवर संपतो तो शेवटचा. आहे का?"

मंजुळाबाईंनी शोधून काढला, चष्मा सरकवून वाचला. "हाय की. शून्य सात. ह्यो मी टाकला आन् लगेच लाईट गेली. नंबर मी वरडले बी, पर ऐकायला कोण होतं? सोपानभाऊ पाय मोकळं करायला गेलेलं. मी आपली खुर्चीलाच नंबर सांगितला."

उद्धवराव सावकाश माझ्याकडे वळले. "पाय कुटवर मोकळं केलं, सोपानराव?"

"मागच्या भिंतीपर्यंत."

आता कोणी हसलं नाही. वॉचमन पुटपुटला, "तरीच शेजारची प्रेस चालू होती," आणि सगळ्या शेडला एकदम त्या चाळीस मिनिटांतलं ऐकू आलं. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि पत्रे हलेपर्यंत सगळे हसले.

"काका!" पूनम म्हणाली. "तुम्ही मला वचन दिलं होतं!"

"पिन ओढणार नाही म्हणून. पिनेला मी हात लावला नाही."

शेखरकडून मला अपेक्षा नव्हती ती गोष्ट घडली. तो हसणाऱ्यांत होता. म्हणाला, "काका, तुम्ही माझ्याकडे टेस्टिंगला येता का?" मग उद्धवरावांकडे वळला. "सर, सेटिंग सरळ करून पुन्हा पळवतो. बघाच." त्याने तसं केलं. साहेबाला दहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. हत्तीच्या बरोबरीला येऊन उभा राहिला. नंतर उद्धवरावांनी स्वतःच्या हाताने, सर्वांसमक्ष, दोनदा मेन स्विच पाडून बघितला. दोघांचीही एक नोंद गेली नाही. म्हणजे जनावर दोन्ही उमदी होती. एकाला हाकणाऱ्याने घाई केली होती, इतकंच. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर म्हणाल सोपानराव मोठ्या नावावर राग धरतात.

मग उद्धवरावांनी निकाल दिला. "दोन्ही सारखंच वाहत्यात. एकाला लायसन लागतं, एकाला लागत न्हाई. आणि एकाची धनीण हितंच हाय. जी हरताना बी म्हणाली, मोजा." रोहिदासला फोन त्यांनी स्वतः लावला आणि सांगितलं की तुमची मुलगी कंपनीचा डेटाबेस बघते. पलीकडून रोहिदास म्हणाला, "ते मला माहीत हाय, दोन वर्षं झाली." पूनमने तोंड फिरवलं.

माझा निकाल वेगळा लागला. लाल शाईची बाटली आणायला लावली. झाकण गंजून बसलेलं, ते पक्कडीने काढावं लागलं. मी दोनशे बहात्तरावा ब्रॅकेट लाल शाईत लिहिला, समोर सही केली, आणि शेडने टाळ्या वाजवल्या. एकतीस वर्षांत माझ्या बरोबर नोंदींना कोणी टाळी वाजवली नव्हती.

दिवाळीनंतर तपासनीस आले. त्यांच्यातल्या बाईंनी पेटीतून एक ब्रॅकेट उचलला. पूनमने नंबर टाकला. कॉईल, प्रेस, शिफ्ट, मंजुळाबाईंचं नाव, सगळी सोयरीक पडद्यावर. दहा मिनिटं दिली होती; बाईंचा चहा निवायच्या आत काम झालं. त्यांनी मग खाली आणखी एका तक्त्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"वीज गेल्याच्या वेळा," पूनम म्हणाली. "कधी गेली, किती वेळ, आणि कारण. कारणाच्या जागी काहीही लिहिता येत नाही. दिलेल्या तिनातलंच एक निवडावं लागतं."

बाईंनी यादी उघडली. वाचली. मग पुन्हा वाचली.

बोर्ड. फ्यूज. सोपानकाका.

"हे तिसरं?"

"तपासून झालेलं कारण आहे, मॅडम," पूनम म्हणाली, आणि तोंड सरळ ठेवलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टोपी नीट केली आणि आता आपली गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात उद्धवराव म्हणाले, "सोपानराव, मॅडमना आणखी एक चा सांगा." मी उठलो. पॅनेलवरून जाताना दांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या तक्त्यात माझं नाव आजवर दोनदा आलंय. दुसऱ्या वेळेचं कारण चुकीचं भरलंय असं मी पूनमला सांगून थकलो, पण ती म्हणते, काका, आधी मोजून दाखवा.